साहेबांना सांगितलेली नावं

माझी सासू तोंडाने फटकळ आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण उतारावरच्या झाडपाल्याची ती घाण घाण नावं तिने पाडलेली नाहीत, हे आधीच सांगून टाकते. तिला ती तिच्या सासूने दिली, त्या सासूला तिच्या सासूने. आमच्या घरात दागिना असा कधी नव्हताच. सासूकडून सुनेकडे काय यायचं, तर ही नावं. आणि नावं तरी कसली! मोठ्या मऊ पानाची ती ढुंगणपुशी. जिची मुळी कच्ची खाल्ली तर दिवसभर बसायला जागा शोधावी लागते, ती हगरी. म्हाताऱ्या माणसाची लघवी अडली की जिचा काढा देतात, ती म्हातारमुती. अंगाला लागली की आग आग करणारी सवतखाज. लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी म्हातारीने मला उतारावर नेलं आणि एकेका झाडाला हात लावून ही नावं म्हणून दाखवली. मी मेली लाजेने मान वर करेना.

"लाजतेस काय?" ती म्हणाली. "नावातच औषध आहे. नाव विसरलीस तर एखाद्याला मारशील."

आमचं पोट त्या उतारावर. शेत नाही, गुरं नाहीत. घराच्या मागे दगडधोंड्यांचा तो उतार सरळ वर चढत जातो, आणि त्यावर जे उगवतं ते आम्ही खणतो, खुडतो, वाळवतो आणि शहरातल्या औषधवाल्याला देतो. ऐकायला सोपं वाटतं. एक हगरीची मुळी काढायची तर पहारीने हातभर दगड फोडावा लागतो, आणि मुळी मध्येच तुटली तर ती गेली, औषधवाला तुकडे घेत नाही. खणताना माझी पाठ अशी धरते की उभं राहायला दोन्ही हात मांडीवर टेकावे लागतात. म्हातारी आता खणत नाही. ती दगडावर बसून खुरप्याने मुळ्या साफ करते. तिच्या बोटांची पेरं वाकडी झालीत, नखं तर जन्माची काळी. घासून घासून दमली, पण निघत नाहीत.

आमचे हे पोती वाहतात. दोन वर्षांपूर्वी पोत्यासकट घसरले, तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नाही. उतरताना एक पाय टाकायचा आणि दुसरा ओढायचा. तरी वाहतात. कुरकुर करायचा स्वभाव नाही त्यांचा. मी दोघांच्या वाटची करते.

त्या वर्षी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खडीवाला आला. त्याचं मशीन दिवसभर दगड भरडायचं. वाऱ्याबरोबर पांढरी धूळ इकडे यायची आणि पानापानावर बसायची. प्रत्येक पान धुवून मग वाळत घालायचं, असं एक नवं काम मागे लागलं. आणि एके दिवशी उताराच्या पायथ्याच्या दगडावर नोटीस चिकटवलेली दिसली. हा उतारही खडीला द्यायचा ठरलाय, कोणाची हरकत असेल तर कळवा.

ह्यांनी ऑफिसात दोन दिवस घालवले. दुसऱ्या दिवशी आले ते जरा उजळ तोंडाने.

"जुन्या बुकात आपलं घर आहे म्हणे," हे म्हणाले. "पन्नास वर्षांपूर्वी उताराची पाहणी झाली होती. उतारावर कोण काय काढतं ते लिहून घेतलं होतं. त्या बुकातलंच घर अजून तेच काम करतंय असं दिसलं, तर उतार कोणी काढून घेऊ शकत नाही. बघायला साहेब येणार आहेत."

"मला आठवतं," म्हातारी म्हणाली. "मी नवी नवरी होते. चहा मीच केला होता. सासूबाई सांगत होत्या आणि तो लिहीत होता."

"काय सांगत होत्या?" ह्यांनी विचारलं.

"जे आहे ते."

हे मी ऐकलं. या कानांनी ऐकलं. पण डोक्यात शिरलं नाही. डोक्यात दुसरंच भरलं होतं. साहेब घरी येणार, घर बघणार, माणसं बघणार. माणसं चांगली दिसली तर उतार राहील, असं माझं साधं गणित.

त्याला कारणही होतं. आमची पोरगी बारा वर्षांची. महिन्यापूर्वीच तिच्या शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं, घराजवळचं एकेक पान आणा आणि नाव सांगा. कोणी गुलाबाचं आणलं, कोणी आंब्याचं. आमच्या येडीने सगळ्यात मोठं आणि देखणं पान म्हणून ढुंगणपुशी नेली. वर्गासमोर उभी राहून नाव सांगितलं, वर उपयोगही सांगितला, गळवावर गरम करून बांधतात म्हणून. वर्ग फुटला हसून. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, पण त्यांचे खांदे हलत होते, हे तिने पाहिलं. त्या दिवसापासून पोरी तिला त्याच नावाने हाक मारायला लागल्या. पाणी प्यायला गेली तरी तेच, घरी यायला निघाली तरी तेच.

ती घरी आली, पान चुलीत टाकलं आणि कोपऱ्यात बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "आई, आपण असे का आहोत?"

  औषधवाल्याच्या दुकानात हीच पानं काचेच्या बरणीत असतात, आणि बरणीवर कसली सुरेख नावं लिहिलेली असतात! पान तेच, मुळी तीच, आमच्याच हाताने खणलेली. फक्त आमच्या घरात असली की ती घाण आणि त्याच्या घरात गेली की चांगली. मला त्याचा संताप आला. आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त संताप म्हातारीचा आला.

साहेब यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी पोरीला वही घेऊन बसवलं.

"लिही," म्हटलं. "ढुंगणपुशीला लिही कोमलपर्णी."

"ते बरणीवर आहे का?"

"बरणीवर आहे. पुढे. हगरी."

"हगरीला काय?"

बरणीवर काय होतं ते मला आठवेना. "अमृतमुळी," मी म्हटलं.

म्हातारी मुळ्या साफ करत बसली होती. ती फिस्सकन हसली. "खाऊन बघ म्हणावं त्या साहेबाला अमृत."

"आई, चेष्टा नाही ही," मी तिला म्हटलं.

"मी कुठे चेष्टा करते? चेष्टा तू करतेस."

पाच-सात नावं बरण्यांवरची आठवली. चार-पाच पोरीच्या पुस्तकातून घेतली. उरलेली मीच पाडली, तोंडाला येतील तशी. चांदणी, सोनकाडी, शुभ्रा, मंजुळा. पोरगी किती दिवसांनी हसत होती. तीही सुचवायला लागली. तीस-पस्तीस नावं झाली. मला वाटलं, घर झाडून पुसून काढावं तसं आपण काहीतरी केलं.

म्हातारीने खुरपं खाली ठेवलं. "अगं, पण नावावरून कळायला नको का काय कशाला ते?"

"आपल्याला कळतं ना? बास. साहेबांना कुठे काढा करायचाय? आई, उद्या तुम्ही तोंड उघडायचं नाही. परक्या माणसासमोर तुम्ही एकदा सुरू झालात की मला जमिनीने पोटात घ्यावं असं होतं. तुमच्या पाया पडते."

"पाया कशाला पडतेस," ती म्हणाली. मग खुरपं पुन्हा उचलत, "नाही उघडत."

साहेब आले ते सकाळीच. चांगला माणूस होता, उगाच खोटं बोलू नये. ऊन चढलं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता. पाणी मागितलं, आमच्याच पेल्याने प्यायले, मुळ्यांच्या पोत्यावर बसले. पत्र्यावर काय वाळतंय ते वाकून पाहिलं. ह्यांचा पाय पाहून म्हणाले, "तुम्ही कशाला वर येता, बसा." तरी हे आले, पाय ओढत, साहेबांच्या मागे मागे.

उतारावर ते पेनाने एकेक झाड दाखवायचे आणि मी नाव सांगायचे. पोरगी माझ्यामागे वही पाठीशी धरून उभी. मी अडखळले की हळूच सांगायची. म्हातारी दगडावर बसली होती. डोक्यावरच्या फडक्याचं टोक तिने दातात धरलं होतं.

"ही?"

"कोमलपर्णी."

"वा. आणि ही?"

"चांदणी."

"सुंदर नावं आहेत हो तुमच्याकडे," साहेब म्हणाले. माझी छाती अशी भरून आली म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा कोणी आमच्या घरातल्या बोलण्याला सुंदर म्हटलं होतं. "खरंच असंच म्हणता?"

"हो तर."

"घरातसुद्धा? आपापसात?"

"घरातसुद्धा."

बोलता बोलता साहेबांनी एका झुडपाकडे हात नेला. ती सवतखाज होती. म्हातारीने काठी आडवी घालून त्यांचा हात थांबवला. तोंडातून शब्द नाही, नुसती मान हलवली.

"हिला काय म्हणता?"

"रेशमा," मी म्हणाले.

"मग हात का लावू देत नाहीत आजी?"

"अंगाला जरा खाज येते."

"नावावरून वाटत नाही," ते म्हणाले आणि लिहिलं.

सगळं झाल्यावर ते म्हातारीसमोर उकिडवे बसले. "आजी, तुम्ही इथे सगळ्यांत जुन्या. तुमच्या तोंडून एकदा ऐकू द्या. तुमच्या सासूबाई काय म्हणायच्या?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी कशी पाहत होते कोण जाणे, पण माझ्या तोंडाकडे बघून तिने दातातलं फडकं सोडलं आणि म्हणाली, "ती सांगते तेच."

साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर शेवटी एक ओळ होती, ती त्यांनी दोनदा वाचून दाखवली. सावकाश, समजेल अशी. 'याशिवाय दुसरी नावं आमच्या घरात नाहीत.' "बघा हं ताई," ते म्हणाले, "काही राहिलं असेल, वेगळं काही म्हणत असाल, साधं, गावठी, कसलंही, तर आत्ताच सांगा. मला त्याचं काही वाटणार नाही."

मी पोरीकडे पाहिलं. ती माझ्याकडे अशी डोळे मोठे करून बघत होती की बस.

"नाही," मी म्हणाले. "एवढीच."

मी सही केली, म्हातारीने अंगठा दिला. नखाची काळी कड कागदावर उठली.

साहेब वळणावरून दिसेनासे झाले आणि म्हातारी म्हणाली, "रेशमा!" आणि जी हसत सुटली, ती खोकला येईपर्यंत. मग हे हसले, पोरगी हसली, मीही हसले. "रेशमा! जरा पाठीला लाव म्हणावं रेशमा!" त्या संध्याकाळी आमच्या घरात सगळ्यांना जेवण गोड लागलं. आता आठवलं की घास वर येतो.

दीड महिन्याने ऑफिसात बोलावणं आलं. म्हातारीलाही घेऊन या, असं लिहिलं होतं. तिने धुतलेलं फडकं डोक्याला बांधलं, हात वाळूने घासले. मोठी खोली, भिंतीकडेला बाकं, वर घरघरणारा पंखा. मोठे साहेब टेबलामागे. एका बाकावर खडीवाला आणि त्याची तीन-चार माणसं. आपापल्या कामाला आलेले इतर लोकही दाराशी दाटी करून उभे. पाहणीचे साहेब खिडकीजवळ बसले होते. मी हसून पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. 

कारकुनाने एक जुनं जाडजूड बुक काढलं. पानं पिवळी, कडा खाल्लेल्या. त्याने उघडलं, पहिली ओळ पाहिली आणि थांबला.

"वाचा," मोठे साहेब म्हणाले.

"साहेब, हे..."

"मोठ्याने वाचा. नोंद आहे ती."

"एक. ढुंगणपुशी," कारकून म्हणाला.

हशा पिकला. दाराशी उभा असलेला एक माणूस गुडघ्यावर हात मारून हसला. कारकुनाचे कान लाल झाले. "दोन. हगरी. तीन. म्हातारमुती. चार. सवतखाज."

  मी शेजारी पाहिलं तर म्हातारी पुढे सरकून बसली होती. तिला हसू ऐकूच येत नव्हतं. तिचे ओठ हलत होते. कारकून नाव म्हणायच्या आधी ती पुटपुटायची आणि मग तो तेच म्हणायचा. पन्नास वर्षांपूर्वी चूल फुंकता फुंकता तिने ऐकलेलं ते, त्याच क्रमाने, एकही इकडचं तिकडे नाही. पोटपाडी. थानओढी. चोरचिकटी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मेलेली सासू तिला बोलताना ऐकू येत होती, मला समजलं. आणि मागे लोक खिदळत होते.

एक्केचाळीस नावं झाली. मग कारकुनाने नवा कागद घेतला.

"कोमलपर्णी. अमृतमुळी. चांदणी. रेशमा." त्याचा आवाज मोकळा झाला. एकही माणूस हसला नाही.  मला वाटत होतं, कोणीतरी हसा रे, मेल्यांनो. आता हसा.

मोठे साहेब म्हणाले, "जुन्या नोंदीतलं एकही नाव जुळत नाही. एकही नाही. चार-दोन बदलली असती तर समजू शकलो असतो. हे घर पिढ्यान्पिढ्या तेच काम करत असेल, तर एक तरी नाव राहायला हवं. याचा अर्थ नोंदीतलं घर वेगळं. हे लोक मागाहून आलेले दिसतात."

"मागाहून?" हे उठून उभे राहिले. गुडघ्याने दगा दिला, बाकाला धरलं. "साहेब, मी त्याच घरात जन्मलोय."

"घरात जन्मला असाल. प्रश्न कामाचा आहे."

मग मी उठले. लाज, शरम, सगळं गेलं खड्ड्यात. भर खोलीत मी ओरडून म्हणाले, "खोटं सांगितलं मी! ढुंगणपुशीच म्हणतो आम्ही तिला! हगरीच म्हणतो! पोरगी असते घरात, परका माणूस आलेला, मी चांगली म्हणून सांगितली. माझ्या मनाने पाडली. आमची नावं तीच आहेत, बुकातली! म्हातारमुती, सवतखाज, पोटपाडी, सगळी!"

पुन्हा हशा. मी थांबले नाही. दमेपर्यंत म्हणत गेले.

मोठे साहेब थांबले होते. वाईट माणूस नव्हता तोही, पण त्याचा तरी काय उपयोग? "बाई," ते म्हणाले, "ही नावं आत्ताच तुमच्यासमोर वाचली. ऐकून कोणीही म्हणेल."

"मग न वाचलेली सांगते!" मी म्हणाले. "बुकात एक्केचाळीस आहेत, आमच्या तोंडात साठ आहेत. पादरी ऐका. बोडकी ऐका. दिरफजिती ऐका. ही कुठे वाचलीत तुम्ही?"

त्यांनी बुकावर बोट फिरवलं. "ती बुकात नाहीत."

"म्हणूनच तर सांगतेय!"

"बुकात नाहीत, तर जुळवणार कशाशी?"

मी उभीच राहिले. जे बुकात आहे ते मी ऐकून म्हणते, जे बुकात नाही ते धरता येत नाही. डोकं भिंतीवर आपटावं की काय करावं?

"उतारावर चला," मी म्हणाले. "एकेक झाड दाखवते. आई दाखवतील."

"पाहणी एकदाच होते. तुमची सही आहे. याशिवाय दुसरी नावं नाहीत, असं तुम्हीच लिहून दिलंय."

मी खिडकीकडे पाहिलं. पाहणीचे साहेब उठून जवळ आले. फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी विचारलं होतं, ताई. दोनदा विचारलं होतं." त्यांच्या आवाजात रागही नव्हता. मला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेला लागलो. हे पुढे पाय ओढत चालले होते. मी मागून म्हणाले, "शिव्या द्या मला. तोंडाने काहीतरी बोला." ते म्हणाले, "काय बोलू? तू चांगल्यासाठीच केलंस." आणि चालत राहिले. म्हातारीला मधेच दम लागला म्हणून आम्ही रस्त्याकडेला बसलो. ती घामाघूम झाली होती. म्हणाली, "किती हसत होते गं लोक. सासूबाईंना."

घरी पोरीला सांगावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं, वही आणली आणि चुलीत घातली. आख्खी वही, शाळेच्या अभ्यासासकट. मी अडवलं नाही. ती म्हणाली, "माझ्यामुळे झालं ना?" मी म्हणाले, "नाही गं, माझ्यामुळे." तिने मान हलवली. तिला पटलं नाही, आणि आयुष्यभर पटणार नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. उतार गेला त्याच्यापेक्षा ते जास्त झोंबतं.

उतार मोकळा करायला पंधरा दिवस दिले होते. खडीवाल्याने ह्यांना बोलावून काम दिलं. उपकारच म्हणायचे. उताराच्या पायथ्याशी रस्ता करून आडवा बांबू लावणार होते, ट्रक आला की तो उचलायचा आणि गेला की खाली करायचा. पाय न वाकणाऱ्या माणसाला जमण्यासारखं. हे "बरं" म्हणाले. संध्याकाळी घरी येऊन तोंड धुताना कितीतरी वेळ तोंडावर पाणीच मारत राहिले.

त्या पंधरा दिवसांत आम्ही मिळेल ते काढलं. कोवळं, जून, वेळ झालेलं, न झालेलं. कधी असं ओरबाडलं नव्हतं. मूळ काढलं की थोडं ठेवायचं, माती लोटायची, अशी आमची रीत. आता कोणासाठी ठेवायचं? हातांना फोड आले, फुटले, पहार चिकट झाली. आमच्याबरोबरच खडीवाल्याची माणसं दगडांवर चुन्याच्या फुल्या मारत वर चढत होती. जिथे फुली, तिथे सुरुंग. एक जण तर मी खणत होते त्याच दगडावर फुली मारून गेला. "चालू द्या बाई," म्हणाला.

म्हातारी त्या दिवसांत बोलेनाशी झाली होती. फटकळपणा तर नाहीच, साधं बोलणंही नाही. मुळ्या साफ करायची, ढीग लावायची. झाडांची नावं घ्यायची वेळ आली की बोटाने दाखवायची. "ती घे." "तिकडची." मी मुद्दाम नाव घ्यायचे, मोठ्याने, पूर्ण, जसं आहे तसं. ती इकडेतिकडे पाहायची, कोणी ऐकलं का म्हणून. सत्तर वर्षांच्या बाईला मी लाजायला शिकवलं.

शेवटच्या दिवशी दुपारी ती दोन दगडांच्या फटीशी बसली होती. हातात एक बारीकसं रोप होतं, देठ मोडला की शेंबडासारखा चिकट रस गळणारं, घशाला लावायचं. तिने ते माझ्यासमोर धरलं.

"हिला काय म्हणायचं?"

मला वाटलं, तिला खरंच आठवत नाही.  मी म्हणाले, "आई, शेंबडी ना ही."

"ते नको." तिने हात हलवला. "तू साहेबांना सांगितलंस ते सांग. कागदावर आता तेच आहे ना? पोरीला तेच शिकवते. आपलं म्हटलं की हसतात."

"आई, असं नका बोलू."

"अगं, सांग की. एकेक करून पाठ करते. म्हातारी झाले तरी पाठ होतं मला. किती छान नाव होतं हिचं, साहेब पण छान म्हणाले."

मी तिच्यासमोर बसले. आठवायला लागले. चांदणी? चांदणी दुसरीच होती. सोनकाडी? ती वरच्या अंगाची. शुभ्रा, मंजुळा, कुठली कुठल्या झाडाची? मीच पाडलं होतं, माझ्या तोंडाने, सही करून दिलं होतं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती, शिकायला बसलेल्या पोरीसारखी. खालून ह्यांनी हाक मारली, बाजूला व्हा, सुरुंग लावतायत.

"आठवत नाही, आई," मी म्हणाले.